दान आलेलं सामान आणि सगळ्यांसाठीचं आर्ट वर्कशॉप: सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही चार-पाच जण मिळून महिन्यातून एकदा सगळ्यांसाठी खुलं आर्ट वर्कशॉप सुरू करणार आहात, म्हणजे लहान मुलं, आजी-आजोबा, व्हीलचेअरवर येणारे, डोळ्यांनी दिसत नाही असे, ऑटिस्टिक मुलं आणि मोठी माणसंही, सगळे एकाच हॉलमध्ये, आणि सामान विकत न आणता लोकांकडून मागायचं, टाकाऊ वस्तू वापरायच्या. सुरुवात कुठून करायची आणि कुठले प्रोजेक्ट घ्यायचे हे तुम्ही विचारलंय. मी अशी वर्कशॉप्स बरीच वर्षं घेतेय, तर हाताखालून जे जे गेलंय ते सांगते, उत्तर लांबेल. प्रोजेक्टचं मात्र शेवटी, कारण प्रोजेक्ट शोधण्यात लोक आठवडे घालवतात आणि वर्कशॉप फसतं ते भलत्याच कारणांनी, कात्री कापत नाही, टेबलाखाली गुडघे जात नाहीत, गोंद धरत नाही.

सुरुवातीच्या काळात आम्ही सगळंच दानातून चालवायचो, अगदी कात्र्या आणि स्केचपेनसुद्धा. एकदा एक बाई त्यांच्या मोठ्या मुलाला घेऊन आल्या होत्या, त्याला बोलता येत नव्हतं पण रंगांची प्रचंड ओढ. त्यांनी डब्यातलं एक स्केचपेन काढलं, कागदाच्या कडेला रेघ ओढली, उठली नाही. दुसरं काढलं, तेही सुकलेलं. असं करत त्यांनी नऊ-दहा पेनं बघितली, प्रत्येकाचं टोपण परत नीट लावलं, सगळी डब्यात ठेवली आणि मला अगदी हळू आवाजात विचारलं, "चांगलं सामान दुसऱ्या बॅचला असतं का?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांना आयुष्यभर उरलंसुरलं मिळत आलंय त्यांच्यापुढे आपण पुन्हा उरलंसुरलंच ठेवलं तर आपल्या चांगल्या हेतूला काही अर्थ उरत नाही.

म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी अजिबात मोडत नाही. मटेरिअल दान आलेलं चालेल, अवजारं नवी आणि चांगली पाहिजेत. कात्री, ब्रश, गोंद, टेप, पंच, रंग आणि थोडा जाड पांढरा कागद, एवढं विकत घ्यायचंच. पैसे कमी असतील तर माणसं कमी बोलवा पण कात्री चांगली ठेवा. आणि आलेलं मटेरिअलसुद्धा असं निवडायचं की जणू आपण दुकानात उभं राहून पैसे मोजून घेतोय, मळलेलं, फाटकं, वास येणारं परत करायचं. "फुकट आलंय ना, असू दे" हे वाक्य तुमच्या ग्रुपमध्ये कुणी बोललं की तिथेच थांबवा.

आता मागायचं कसं. "घरातलं काहीही जुनं द्या" असं कधीच लिहू नका, तसं लिहिलं की लोक माळा रिकामा करतात आणि आठवडाभर तुम्ही नुसतं उपसत बसता. चार-पाचच वस्तूंची नावं लिहा, एकच दिवस आणि वेळ द्या, आणि धुऊन वाळवून आणा हे ठळक लिहा. उदाहरणार्थ बाटल्यांची झाकणं, बटणं, लोकरीचे उरलेले गुंडे, कोरे पुठ्ठे, सुती कापडाचे तुकडे, बास. पण घरोघरच्या दानापेक्षा मला छोटे कारखाने, छापखाने, शिंपी, फ्रेम करणारे, फर्निचरवाले यांच्याकडचं कटिंग जास्त आवडतं, कारण ते स्वच्छ असतं, एकसारखं असतं आणि भरपूर असतं. दोनशे वेगवेगळ्या वस्तूंपेक्षा एकाच मापाच्या दोनशे पट्ट्या जास्त उपयोगी पडतात हे मला फार उशिरा कळलं. एकसारखं असलं की कुणाला चांगलं कुणाला वाईट हा प्रश्नच येत नाही, शिवाय रांगेत लावणं, थर रचणं, मोजणं हे ज्यांना आवडतं त्यांना लगेच काम मिळतं. इटलीत रेज्जो एमिलिया शहरात 1996 पासून रेमिडा नावाचं केंद्र हेच करतं, कारखान्यांतून उरलेलं नवंकोरं मटेरिअल गोळा करून शाळांना देतं, आणि तिथे ते कचरा म्हणून ढीग घालत नाहीत, शेल्फवर रंगाप्रमाणे, पोताप्रमाणे मांडून ठेवतात. न्यूयॉर्क शहराचा मटेरिअल्स फॉर द आर्ट्स हा उपक्रम तर 1978 पासून चालू आहे. तुम्ही दोन कपाटांत सुरू करा, पण मांडणी तशी ठेवा.

काय घ्यायचं नाही याची यादी मात्र दारावरच लावा, आणि नाही म्हणायला लाजू नका. बटण सेल असलेली गाणारी ग्रीटिंग कार्डं आणि जुनी खेळणी आधी उघडून सेल काढल्याशिवाय हॉलमध्ये येता कामा नयेत, कारण तो सेल गिळला गेला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिकेला गंभीर भाजू शकतं. छोटी जोरदार मॅग्नेटं नकोत. जुना रंग दिलेलं लाकूड, खिडकीच्या चौकटी नकोत, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि पॉलिशपेपर मारला की त्याची धूळ श्वासात जाते. पीव्हीसी म्हणजे रेक्झिन, पाइप, जुने रेनकोट हे तापवायचं नाही, हायड्रोजन क्लोराइड नावाचा झोंबणारा विषारी वायू सुटतो. थर्माकोल तापलेल्या तारेने कापणं हॉलमध्ये नकोच, त्याचे वायू नकोत, आणि ब्लेडने कापलं तर पांढरे कण सगळीकडे उडतात ते वेगळंच. दुकानाच्या बिलाचा गुळगुळीत कागद नको, त्यावर बऱ्याचदा बिस्फेनॉल या अपायकारक ठरू शकणाऱ्या रसायनाचा थर असतो. स्प्रेचे डबे, औषधांच्या बाटल्या, कीटकनाशकाचे कॅन, फुटकी काच, बुरशी आलेला कागद हे तर सांगायलाच नको. लहान वस्तूंसाठी एक सोपी चाचणी आहे, टॉयलेट रोलच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाताशी नको, आणि काही मोठ्या माणसांनाही वस्तू तोंडात घालायची सवय असते, त्यांच्या टेबलालाही तोच नियम, कुणाचं नाव न घेता.

ॲलर्जीचं फार कुणी विचारत नाही. अंड्याचे ट्रे आणि दुधाचे खोके हे अंड्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्यांसाठी धोक्याचे असू शकतात, फुगे आणि रबरबँडमध्ये लेटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर असतं, त्याचीही काहींना ॲलर्जी असते, गव्हाच्या पिठाची खळ सीलिॲक असलेल्या, म्हणजे गहू अजिबात न चालणाऱ्या मुलाच्या तोंडात जाऊ शकते. आमच्याकडे नावनोंदणीच्या फॉर्मवर एकच साधा प्रश्न असतो, "कुठली वस्तू, वास किंवा आवाज तुम्हाला त्रास देतो?" त्यातून ॲलर्जीही कळते आणि बाकीचं बरंच कळतं. अपंगत्वाचं नाव, सर्टिफिकेट वगैरे काहीही विचारू नका, त्याची आपल्याला गरज नाही.

धुणं आणि निवडणं हे मी आता वर्कशॉपचाच भाग करते. प्लॅस्टिक गरम साबणाच्या पाण्यात, कापड 60 अंशांच्या धुलाईत म्हणजे ढेकूण वगैरे असतील तर मरतात, आणि पुठ्ठा धुता येत नाही म्हणून तो कोरडा आणि कोरा असेल तरच घ्यायचा. शॅम्पूच्या बाटल्या दोनदा धुतल्या तरी वास राहतो आणि वासाने ज्यांचं डोकं उठतं त्यांना तेवढा वास पुरतो, त्या मी घेतच नाही. निवडायला मात्र सगळ्यांना बसवते, तासभर, मोठं टेबल आणि मध्ये ढीग. एक अजिबात न दिसणारी मुलगी आमच्याकडे बटणं निवडायची, ती बटण आधी बोटांत फिरवायची, मग ओठाला लावून गार आहे का बघायची, मग टेबलावर टाकून आवाज ऐकायची, धातूचं, प्लॅस्टिकचं, लाकडाचं, शिंपल्याचं असे चार डबे ती न चुकता भरायची. आम्ही डोळे असलेले रंगावरून निवडत होतो आणि धातूसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकला फसत होतो. तेव्हापासून आमचे डबे रंगावर नाही, हाताला कसं लागतं यावर आहेत, मऊ, कडक, वाकणारं, वाजणारं, खरखरीत. डब्याच्या पुढच्या बाजूला त्यातलीच एक वस्तू चिकटवलेली असते, वाचता येवो न येवो, दिसो न दिसो, काय आहे ते कळतं. बारीक वस्तू ओतायला कडा असलेले ट्रे ठेवा, फिकट वस्तूंना गडद ट्रे आणि गडद वस्तूंना फिकट, कमी दिसणाऱ्यांना याने खूप फरक पडतो.

हॉलचं थोडक्यात सांगते. व्हीलचेअर फिरायला साधारण 150 सेंटिमीटरची मोकळी जागा, टेबलांमधली वाट 90 च्या आत नको, आणि टेबलाखाली गुडघ्यांसाठी जवळजवळ 70 सेंटिमीटर उंची. टेप घेऊन जा आणि मोजा, नुसत्या नजरेने ठरवू नका. टॉयलेटपर्यंतची वाटही मोजा. एक शांत कोपरा ठेवा, तिथे दिवा मंद, गर्दीकडे पाठ करून बसता येईल अशी खुर्ची. आणि सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा की मधे उठून जाणं, परत येणं, नुसतं बसून बघणं हे सगळं चालतं. पार्श्वभूमीला गाणी लावू नका, प्लीज. पॅकिंग टेप ओढल्याचा आवाज काही जणांना सहन होत नाही, त्याऐवजी मास्किंग टेप घ्या, ती हातानेही फाटते.

आता चिकटवण्याबद्दल जरा जास्त सांगते कारण सगळ्यात जास्त निराशा इथे होते. पांढरा गोंद कागद, पुठ्ठा, कापड, लाकूड यांना छान धरतो पण त्याला जरा जोर धरायला अर्धा तास आणि पूर्ण सुकायला दिवस लागतो, आणि प्लॅस्टिकला तो धरतच नाही. बाटल्यांची झाकणं बहुतेक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची असतात, या प्लॅस्टिकला कुठलाच साधा गोंद नीट पकडत नाही, रंगसुद्धा पोपडे होऊन निघतो. लोक झाकणांचं सुंदर चित्र करतात, घरी नेईपर्यंत अर्धी झाकणं पिशवीच्या तळाशी असतात आणि त्या माणसाला वाटतं आपल्याला जमलं नाही. चूक त्याची नसते, मटेरिअल आणि गोंदाची जोडी चुकलेली असते. ग्लू गन हा उपाय सगळे सुचवतात, पण हाय टेम्परेचर गनमधला गोंद 190 अंशांच्या आसपास असतो, लो टेम्परेचरचा 120 च्या आसपास, आणि ज्याच्या हाताला संवेदना कमी आहे त्याला भाजलेलं उशिरा कळतं. मी ग्लू गन ठेवते पण एका बाजूच्या टेबलावर, एका व्हॉलंटिअरच्या ताब्यात.

त्यापेक्षा गोंद न लावता जोडायला शिका. भोकं आधीच पाडून ठेवायची आणि मग तार, सुतळी, केबल टाय, पाइप क्लीनर, कपड्यांचे चिमटे, वेल्क्रो, पुठ्ठ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवणं. यात वाट बघावी लागत नाही, चुकलं तर सोडवून परत करता येतं, आणि चूक सोडवता येते म्हटल्यावर घाबरणारा माणूस धीटपणे हात घालतो. घानात जन्मलेले आणि नायजेरियात बरीच वर्षं काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई यांचे भिंतभर पडदे याच पद्धतीचे आहेत, दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची टोपणं चपटी करून तांब्याच्या तारेने एकमेकांना गुंफलेली, कित्येक सहकाऱ्यांच्या हातांनी केलेली, 2015 मध्ये व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनाने त्यांना जीवनगौरव म्हणून गोल्डन लायन पुरस्कार दिला. मी हे फोटो मुद्दाम दाखवते. झाकण आणि तार या दोन वस्तूंकडे बघण्याची लोकांची नजरच बदलते.

मदतीच्या वस्तू, म्हणजे स्प्रिंगची कात्री (दाबून सोडली की आपोआप उघडते), टेबलाला बसवलेली कात्री, डावखुऱ्यांची कात्री, जाड मुठीचे ब्रश, न घसरणारी मॅट (नसेल तर ओला करून घट्ट पिळलेला नॅपकिन कामाखाली ठेवा, तेवढंच काम करतो), हे सगळं प्रत्येक टेबलावर ठेवा. "त्यांच्यासाठी" म्हणून वेगळं काढून ठेवलंत की तिथे जायला माणसाला लाज वाटते. आधी कापून ठेवलेले तुकडेसुद्धा सगळ्यांच्याच डब्यात. तुम्हाला दिसेल की स्प्रिंगची कात्री सगळ्यात आधी संधिवात असलेल्या आजी उचलतात, मग लहान मुलं, मग तुमचे स्वतःचे व्हॉलंटिअर.

व्हॉलंटिअरांबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचंय. चांगल्या मनाची माणसं येतात आणि दुसऱ्याचं काम करून टाकतात. पक्षाघातानंतर एकच हात चालणारे एक काका आमच्याकडे पुठ्ठ्याच्या खाचेत दुसरा पुठ्ठा बसवत होते, तो घसरत होता, ते हनुवटीने दाबून बघत होते, कोपराने अडवून बघत होते, चार-पाच मिनिटं झाली असतील, बसत आलाच होता आणि आमच्या एका मुलीने प्रेमाने पुढे होऊन खटकन बसवून दिला. काकांनी "थँक्यू" म्हटलं आणि त्यानंतर दोन तास काही केलं नाही, फक्त बसून राहिले. म्हणून आता आमच्याकडे आधी अर्धा तास व्हॉलंटिअरांचं ट्रेनिंग असतं आणि त्यात मुख्य एकच वाक्य घोटून घेते, "मी काय धरू?" म्हणजे तुम्ही धरायचं, करायचं त्यांनी. हात पकडून करून घ्यायचं नाही. न दिसणाऱ्या माणसाला एखादी कृती दाखवायची असेल तर त्याला विचारून आपला हात खाली आणि त्याचा हात आपल्या हातावर, म्हणजे त्याला हवं तेव्हा तो काढून घेऊ शकतो. बोलायचं ते त्या माणसाशी, सोबत आलेल्या आईशी किंवा मावशींशी नाही. आणि सोबत आलेल्यांनाही वेगळा ट्रे, वेगळं काम द्या, त्या स्वतःच्या कामात रमल्या की मुलाच्या कामात हात घालत नाहीत, आणि त्यांनाही कुणीतरी दोन तास स्वतःसाठी दिलेले असतात.

धीर धरून वाट बघण्याचं महत्त्व सांगायला मी नेहमी जुडिथ स्कॉट या अमेरिकन शिल्पकार बाईची गोष्ट सांगते. जन्म 1943, डाउन सिंड्रोम, ऐकू येत नव्हतं आणि ते कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही, सातव्या वर्षापासून पुढची पस्तीसेक वर्षं संस्थांमध्ये गेली. जुळ्या बहिणीने तिला तिथून बाहेर काढलं आणि 1987 मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ आर्ट सेंटरमध्ये जायला लागली, 1974 मध्ये अपंग कलाकारांसाठी सुरू झालेला तो स्टुडिओ आहे. सुरुवातीला चित्रकलेत तिला काही रस वाटला नाही, दोनेक वर्षं तशीच गेली. मग धाग्यांच्या वर्गात तिने हाताला येईल ती वस्तू उचलून लोकरीने, सुताने गुंडाळायला सुरुवात केली आणि 2005 मध्ये जाईपर्यंत गुंडाळतच राहिली, आज तिची शिल्पं मोठ्या म्युझियममध्ये आहेत. मला यातली ती दोन वर्षं फार मोठी वाटतात. त्या काळात कुणी तिला "तुला जमत नाही" म्हणून घरी पाठवलं नाही, आणि कुणी तिचा हात धरून कागदावर फुलं काढून घेतली नाहीत.

मग प्रोजेक्ट. तयार नमुना टेबलावर ठेवू नका, सगळे तोच करायला जातात आणि ज्याचा तसा होत नाही तो खट्टू होतो. आधी मी नमुना अजिबातच ठेवत नसे, पण काही ऑटिस्टिक मुलांना आणि मोठ्यांनाही पुढे काय होणार हे माहीत नसलं की अस्वस्थ वाटतं, त्यांनीच मला ते सांगितलं. आता मी तीन अर्धवट तुकडे ठेवते, एक गुंडाळलेला, एक विणलेला, एक खाचेत अडकवलेला, आणि भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक, हाताळणं, करणं, आवरणं, दाखवणं. पहिल्या वर्कशॉपला गुंडाळणं घ्या. पुठ्ठ्याचा तुकडा किंवा काडी, त्यावर लोकर, चिंध्या, सुतळी, हवं ते, टोक अडकवायला पुठ्ठ्याच्या कडेला चिरा. एका हाताने होतं, न बघता होतं, वयाची अट नाही, आणि पाच मिनिटांतही पूर्ण वाटतं, दोन तासांतही. दुसऱ्या वेळी 20 बाय 20 सेंटिमीटरचे भोकं पाडलेले चौकोन द्या, प्रत्येकाने आपला करायचा आणि शेवटी केबल टायने सगळे जोडून एक मोठा पडदा, ज्याला आपला चौकोन घरी न्यायचाय त्याने न्यायचा, पडद्यात तेवढी जागा मोकळी राहिली तरी चांगलीच दिसते.

पडदा लावाल तेव्हा खाली नावं लिहा, ज्याला जसं हवं तसं, आणि "विशेष मुलांनी कचऱ्यातून साकारलेली कला" असलं काही लिहू नका. फोटोची परवानगी आधी, त्या माणसाला कळेल अशा भाषेत. चकाकी म्हणजे ग्लिटर अजिबात वापरू नका, ते बारीक प्लॅस्टिकच आहे आणि गटारात जातं. गोंदाने कागद, प्लॅस्टिक, कापड एकत्र चिकटलं की ते पुन्हा रिसायकल होत नाही, बांधलेलं मात्र सोडवता येतं, म्हणून पडदा उतरवताना त्याच लोकांना बोलवा, तारा काढा, झाकणं परत झाकणांच्या डब्यात. आणि पहिल्या वेळी पंधरा जणांच्या वर नावं घेऊ नका, चार व्हॉलंटिअर आणि दोन तास धरून तेवढेच नीट होतात.